पाळीव प्राण्यांच्या फोटोंसाठी जागा निवडताना: आधी कुत्री बघा, मग तळं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तीन वर्षांची काळीभोर कुत्री, काजळ, आठ महिन्यांपूर्वी निवारा केंद्रातून घरी आणलेली. घरात ती खुशाल असते, पण अनोळखी माणसं आणि गाड्यांचे आवाज यांना बिचकते. सोबत बारा वर्षांची मांजर, सोनी. फोटोग्राफर ठरला आहे आणि जागा तुम्हीच सुचवा असं त्याने सांगितलंय. तुमच्या मनात तळ्याकाठची मोठी बाग आहे, कारण तिथे काढलेले दुसऱ्या कुत्र्यांचे फोटो तुम्ही पाहिलेत. स्टुडिओ आणि घर हे बाकीचे दोन पर्याय. दोघींचा एकत्र फोटोही हवाय.

मी बरीच वर्षं फक्त जनावरांचे फोटो काढते. बाग, स्टुडिओ की घर हा प्रश्न मी नेहमी दुसऱ्या नंबरावर ठेवते. पहिला प्रश्न असा की काजळ कुठे काजळसारखी वागते? फोटोतला नको असलेला पट्टा, मागची कचरापेटी, कोपऱ्यात आलेला कुणाचा तरी पाय, हे सगळं नंतर संगणकावर काढून टाकता येतं. मागे चिकटलेले कान, ताणलेले ओठ आणि पांढरं दिसेल इतके फिरवलेले डोळे मात्र काढून टाकता येत नाहीत. जागा कितीही देखणी असली तरी चेहऱ्यावर भीती असेल तर घरच्यांना तो फोटो बघवत नाही. परक्यांना कदाचित कळणारही नाही, पण तुम्हाला कळेल, कारण तुम्ही तिला रोज बघता.

सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर मात्र नाही. माणसांत रमणाऱ्या, खाण्यासाठी काहीही करणाऱ्या लॅब्रॅडॉरला मी बिनधास्त गर्दीच्या बागेत नेईन. लसींचा कोर्स पूर्ण न झालेल्या पिल्लाला बाकी कुत्री येतात अशा कुठल्याही जागी नेणार नाही, कारण पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला दुपारी उघड्यावर पळवणार नाही. कुत्रं अंग गार करतं ते मुख्यतः धापा टाकून, आणि या जातींना तेच नीट जमत नाही. वय, स्वभाव, अंगाचा रंग, ऋतू आणि दिवसाची वेळ, यांतलं काहीही बदललं तर जागेचं उत्तर बदलतं. त्यामुळे खाली लिहिते ते तुमच्या काजळ आणि सोनीला धरून.

नवीन जागी कुत्रं गाडीतून उतरतं तेव्हा काय होतं ते एकदा शांतपणे बघा. नाक जमिनीला लागतं आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं ते वर येतच नाही. आपण जागा डोळ्यांनी बघतो, ते नाकाने वाचतं. इथून कोण गेलं, कधी गेलं, ते अजून आसपास आहे का, याचा हिशोब लागेपर्यंत तुम्ही कितीही हाका मारा, त्याचं लक्ष तुमच्याकडे नसतं. निर्धास्त कुत्र्याचं हे काम लवकर आटपतं. मग ते अंग झटकतं, शेपटी सैल होते आणि ते मान वळवून मालकाकडे बघतं. ते बघणं आलं की मी कॅमेरा उचलते. काजळसारख्या कुत्रीला तीच गोष्ट करायला अर्धा तास लागू शकतो, किंवा त्या दिवशी ती होतच नाही. मोठ्या अनोळखी बागेतल्या एका तासाच्या सेशनमध्ये तुमचा अर्धा वेळ वास घेण्यात जाईल आणि उरलेला तिला धीर देण्यात.

म्हणून जागा ठरवण्याआधी एक चाचणी करा. शूटच्या आठवडाभर आधी, ज्या वेळेला फोटो काढायचे आहेत त्याच वेळेला, तिला त्या जागी घेऊन जा. कॅमेरा नको, पाहुणे नकोत. तिचा सगळ्यात आवडता खाऊ खिशात ठेवा. पंधरा मिनिटांनी तो द्या. तिने घेतला आणि नेहमीसारखा चावून खाल्ला तर जागा चालेल. हिसकावल्यासारखा घेतला, तोंडात धरून टाकून दिला किंवा हुंगून मान फिरवली तर ती आतून घाबरलेली आहे, बाहेरून कितीही शांत दिसली तरी. झोप आलेली नसताना जांभया देणं, सारखे ओठ चाटणं, हवा गार असताना धापा टाकणं, पंजा उचलून थिजून उभं राहणं, हीही त्याच भाषेतली वाक्यं. पुष्कळ लोक तोंड उघडून धापा टाकणाऱ्या कुत्र्याला ‘हसतंय बघा’ म्हणतात. गालांचे कोपरे ताणून मागे गेलेले असतील आणि कपाळावर आठ्या असतील तर ते हसू नसतं.

आवाजाचंही तिच्या कानाने बघावं लागतं. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, मांजराला त्याहूनही वर, ६४,००० पर्यंत. आपल्याला शांत वाटणाऱ्या जागेत एखादा पंप, ट्रान्सफॉर्मर किंवा कुंपणापलीकडचा रस्ता तिला सतत टोचत असू शकतो. गाड्यांना बिचकणाऱ्या कुत्रीसाठी मी रस्त्याचा आवाज फार कमी ऐकू येईल अशीच जागा शोधते, मग ती दिसायला साधी का असेना. आणखी एक गोष्ट मला सतत दिसते. भित्रं कुत्रं चारही बाजूंनी मोकळ्या मैदानात सारखं मागे वळून बघतं. एका बाजूला भिंत, कुंपण किंवा दाट झुडूप असेल तर त्याला फक्त समोरचंच सांभाळावं लागतं आणि नजर स्थिर होते. विस्तीर्ण हिरवळ आपल्याला मोहात पाडते, पण काजळला एका कडेला आधार असलेली जागा बरी पडेल.

आता तुमच्या तळ्याकडे येते. दुसऱ्या कुत्र्यांचे जे फोटो तुम्ही पाहिलेत ते बहुधा सोनेरी किंवा पांढऱ्या केसांच्या कुत्र्यांचे असणार. काळ्या कुत्र्यासाठी पाणी ही कठीण पार्श्वभूमी आहे. तळ्यात आकाश पडलेलं असतं, म्हणजे कुत्र्याच्या मागे एक मोठा चकचकीत पडदा येतो. कॅमेरा त्या उजेडाला धरून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, ठरवतो आणि काजळची नुसती काळी आकृती उरते. कुत्रीला धरून एक्स्पोजर वाढवलं तर पाणी पांढरंफटक होतं, म्हणजे ज्यासाठी तिथे गेलो तेच दिसत नाही. शिवाय क्षितिजाचं गणित आहे. कुत्र्याचे चांगले फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढतात, आणि कॅमेरा त्या उंचीवर आला की दूरच्या पाण्याची रेषा बरोबर त्याच्या डोळ्यांतून जाते. डोक्यात आडवी काठी घुसल्यासारखं दिसतं. कॅमेरा आणखी खाली नेला तर डोकं आकाशावर येतं, थोडा वर घेतला तर पाण्यावर. दोन्ही जमतं, पण त्यासाठी कुत्रं एका जागी शांत बसायला हवं, आणि बिचकणारी कुत्री अनोळखी काठावर तेच करत नाही. एवढं असूनही तळं हवंच असेल तर काठापासून बरंच आत, झाडांच्या बाजूला तोंड करून फोटो काढायला सांगा. साचलेल्या पाण्यावर हिरवट-निळसर शेवाळाची साय दिसली तर तिला ते पाणी अजिबात पिऊ देऊ नका. त्या शेवाळाच्या काही प्रकारांत कुत्र्यांसाठी जीवघेणं विष असतं.

जागेची रेकी बहुतेक जण उभ्याने करतात, आणि इथेच गडबड होते. उभं राहून आपल्याला झाडं, फुलं, वळणदार वाट दिसते. फोटो निघतो तो गुडघ्याखालून, आणि तिथून दिसतात बाकाचे लोखंडी पाय, पार्किंगमधली चाकं, कुंपणाची जाळी. तुम्ही जागा बघायला जाल तेव्हा मोबाइल काजळच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि सावकाश गोल फिरत व्हिडिओ काढा. मग तो व्हिडिओ घरी निवांत बघा. एवढ्या मोठ्या बागेत कामाचा कोपरा एखाद-दुसराच निघतो, आणि घरामागच्या दुर्लक्षित गल्लीत एखादी सुंदर भिंत सापडते. फोटोला जागा फार कमी लागते. मागे दहा-बारा मीटर मोकळं अंतर असेल, फोटोग्राफरकडे ८५ किंवा १३५ मिलिमीटरची लेन्स असेल आणि तो एफ २.८ च्या आसपास, म्हणजे लेन्सचं तोंड बरंच उघडं ठेवून, काढत असेल, तर मागची झाडं नुसता रंग होऊन जातात. कुत्रं झुडपाला चिकटून बसवलं तर तेच झुडूप पानापानांनी चेहऱ्याशी भांडायला लागतं. फोटो सुंदर येण्यात जागेच्या सौंदर्यापेक्षा मागच्या मोकळ्या अंतराचा वाटा मोठा असतो.

काळ्या अंगाच्या कुत्रीसाठी उजेडाचं मात्र थोडं खोलात सांगायला हवं, कारण तुमचा निर्णय इथेच ठरेल. काळे केस उजेड गिळतात. भर दुपारच्या उन्हात पाठीवर पांढरे चट्टे चमकतात आणि डोळे काळोखात बुडतात. झाडाखाली गेलात तर पानांतून पडणारे कवडसे अंगभर ठिपके उमटवतात, नाकावर एक, कानावर एक, आणि त्यावर नंतर काही उपाय नसतो. काजळचे डोळे गडद तपकिरी असणार. काळ्या चेहऱ्यात गडद डोळे वेगळे दिसायला त्यांत उजेडाचा एक ठिपका पडावा लागतो. तो नसला तर चेहरा मुका वाटतो. तो ठिपका मिळवण्याची खात्रीची जागा म्हणजे सावलीचा काठ. इमारतीची, मोठ्या पोर्चची किंवा दाट झाडाची गडद सावली जिथे संपते तिथून हात-दोन हात आत काजळला बसवायचं, तोंड मोकळ्या आकाशाकडे. ऊन अंगावर पडत नाही, पण समोरचं सगळं आकाश डोळ्यांत उतरतं. आधी घरातल्या कुणाला तरी तिथे बसवून त्यांच्या डोळ्यांत बघा, आकाशाचा तुकडा दिसला तर जागा बरोबर आहे.

मागचा रंगही बघा. काळ्या कुत्र्यामागे गडद झाडी आली की कानांची कड त्यात विरघळते. वाळलेलं गवत, मातकट किंवा फिकट भिंत, पिवळसर पानं, असं मधल्या छटेचं काही असेल तर ती उठून दिसते. पांढऱ्या कुत्र्याचं वेगळं असतं, त्याच्या पोटावर आणि हनुवटीवर हिरवळीचा हिरवा रंग चढतो. वेळ म्हणाल तर सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा तास. उजेड मऊ असतो आणि जमीन गार असते. सकाळच मी जास्त सुचवते, कारण माणसं कमी असतात. ढगाळ दिवस असेल तर शूट रद्द करू नका. काळ्या केसांना ढगाळ आकाशाचा उजेड फार मानवतो, केसन् केस दिसतो.

सुरक्षिततेचं थोडक्यात सांगते. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर तिच्या पंजांनाही होणार नाही. हवा २५ अंश असतानाही उन्हातलं डांबर ५० च्या वर जाऊ शकतं. सुकलेल्या गवताची कुसळं कानात आणि बोटांच्या बेचक्यांत घुसतात, म्हणून उंच गवत टाळा आणि घरी आल्यावर गोचिड्या तपासा. कण्हेर आणि सायकस ही झाडं शोभेला सगळीकडे लावतात, ती विषारी आहेत. पानं-फांद्या चघळण्याची सवय असलेल्या कुत्र्याला त्यांच्याजवळ बसवू नका. पट्टा काढू नका, कुणीही कितीही आग्रह केला तरी. आठ महिन्यांपूर्वी घरी आलेली, आवाजाला बिचकणारी कुत्री एका हॉर्नने पळत सुटू शकते. हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) बांधलेली पाच मीटरची बारीक लांब दोरी वापरा आणि ती एका बाजूने सरळ जाऊ द्या. अशी दोरी फोटोतून पुसायला सोपी जाते, गळ्याभोवती गुंडाळलेली जात नाही. बागेत कुत्र्यांना परवानगी आहे का आणि मोठा कॅमेरा चालतो का, हे आधीच विचारून ठेवा. ऐन वेळी पहारेकऱ्याशी वाद झाला की सगळ्यात आधी कुत्री हबकते.

स्टुडिओबद्दल माझं मत काजळपुरतं तरी नकारार्थी आहे. तिथे आधी येऊन गेलेल्या कितीतरी कुत्र्यांचे वास असतात, पायाखालचा कागद घसरतो आणि करकरतो, फ्लॅश प्रत्येक वेळी ‘टप्’ करतो आणि चार्ज होताना शिट्टी वाजवतो. धीट कुत्र्यांना याचं काही वाटत नाही आणि त्यांचे स्टुडिओतले फोटो अप्रतिम येतात. काजळला सहा महिन्यांनी, आधी एकदा फक्त फिरायला नेऊन, मग विचार करा.

सोनीच्या बाबतीत मला शंकाच नाही, घर. मांजर जागेला बांधलेलं असतं. त्याच्या ओळखीच्या वासांच्या बाहेर नेलं की ते एकतर गोठतं, नाहीतर लपतं. बाराव्या वर्षी सांधे दुखत असण्याची शक्यताही बरीच असते, त्यामुळे तिला उचलून ‘इथे बस’ करण्यापेक्षा ती जिथे रोज बसते तिथेच कॅमेरा न्या. दिवसभर घरात फिरून ती कुठल्या वेळी कुठल्या खिडकीत जाते ते लिहून ठेवा, सेशनची वेळ तुम्हाला आपोआप सापडेल. खिडकीवर थेट ऊन नको, नुसता उजेड हवा. ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढून घ्या. खिडकीसमोरच्या बाजूला एक पांढरी चादर खुर्चीवर टाकली की चेहऱ्याची अंधारी बाजू उजळते. सजावटीला फुलं ठेवणार असाल तर लिलीची नकोत. अंगाला लागलेला लिलीचा पराग चाटला तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते. फोटोग्राफरला सांगा की सामान आधी मांडून घ्या, मग जमिनीवर बसा आणि तिच्याकडे बघू नका. मांजरं त्यांच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या माणसाकडे स्वतःहून येतात.

दोघींचा एकत्र फोटो घरातच होईल, आणि तोही एखाद्या नव्या कोपऱ्यात बसवून नाही. त्या आत्ता कुठे एकमेकींजवळ असतात? सोफ्याचं टोक, पलंगाचं पायथं, स्वयंपाकघराचं दार, जे काही असेल तिथला पसारा उचला आणि जमिनीवर घसरडी फरशी असेल तर एक चटई टाका. गुळगुळीत फरशीवर कुत्रं पाय फाकवून ताठ उभं राहतं आणि तो ताण खांद्यांत दिसतो. एका चौकटीत दोघी आल्याच पाहिजेत असा हट्ट धरू नका. सोनी वर कपाटावर आणि काजळ खाली मान वर करून तिच्याकडे बघतेय, हा तुमच्या घराचा खरा फोटो असू शकतो. माझ्याकडे पुन्हा प्रिंट मागायला येणारी माणसं बहुतेक वेळा असाच फोटो मागतात, दारातला, जिन्यातला, खिडकीतला. जनावर गेल्यानंतर त्याची जागा डोळ्यांसमोर राहते, आणि ती जागा घरातली असते.

तर तुमच्या ठिकाणी मी असते तर असं केलं असतं. सेशन घरून सुरू. फोटोग्राफर आल्यावर पहिला पाऊण तास सोनी, काजळ तेवढ्या वेळात दुसऱ्या खोलीतून त्याचा वास आणि आवाज ओळखीचा करून घेईल. मग दोघी, जमलं तर. त्यानंतर काजळला घेऊन तुम्ही रोज फिरायला जाता त्याच वाटेवर निघायचं. त्या वाटेवरची सावलीचा काठ असलेली, मागे थोडं मोकळं अंतर असलेली एक जागा तुम्ही आधीच व्हिडिओत हेरून ठेवलेली असेल. तिथे चालत जायचं, गाडीने नको. वाटेत तिला हवा तेवढा वास घेऊ द्यायचा. अनोळखी मदतनीस, शेजारची मुलं, उत्साही नातेवाईक यांना त्या दिवशी नम्रपणे नाही म्हणा. पट्टा धरायला एकच माणूस, ज्याच्यावर तिचा सगळ्यात जास्त भरवसा आहे तो. तळं सोडून द्या असं मी म्हणत नाही. आत्तापासून दर आठवड्याला एकदा पहाटे तिला तिथे न्या, खाऊ द्या, परत आणा. ती तिथे पोट टेकून, एका कुशीवर कललेली बसू लागली की फोटोग्राफरला बोलवा.

तारीख ठरवण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारा. काजळचा मूड नसेल तर दुसरी तारीख जादा पैसे न घेता देणार का, आणि तो जमिनीवर आडवा पडून फोटो काढतो का. दुसऱ्या प्रश्नाला तो लगेच ‘हो’ म्हणाला, तर हेरलेल्या जागेचा व्हिडिओ त्याला पाठवा आणि त्यातल्या कुठल्या बाजूला तोंड करून काढायचं हे त्याच्यावर सोडा.